सतरा पासिंगची गाडी

ही पोस्ट तेवीस दिवस राहिली. राहिली कसली, मीच टाळली. आधी म्हटलं फोटो निवडून घेऊ, मग त्या फोटोंत एक पाखरू दिसलं, त्याचं नाव शोधण्यात दोन दिवस गेले (सापडलं नाही), मग सायकल दुरुस्तीला काढली. खरं सांगायचं तर या प्रवासात माझ्या हातून एक मूर्खपणा झाला आणि तो लिहिल्याशिवाय प्रवास लिहिताच येत नाही. पण आता सगळं सुरळीत आहे, निदान आज सकाळपर्यंत तरी आहे, म्हणून बसलोय लिहायला. तुमच्यापैकी कुणाला इलेक्ट्रिक पिकअप घ्यायचा असेल, किंवा नुसतंच श्रीरामपूर ते जामखेड फिरून यायचं असेल, तर दोघांच्याही उपयोगाचं आहे.

आधी मार्थाआत्या. माझ्या वडिलांची थोरली बहीण. चर्चच्या मागच्या गल्लीत तिचं भाकरी केंद्र आहे. अकरा बाया, रोजच्या सहाशेच्या वर भाकरी. वसतिगृहं, दोन कँटीन आणि हायवेवरचे ढाबे एवढी गिऱ्हाइकं. पन्नास किलोचं एक पोतं ज्वारी रोज लागते. रोज एक पोतं, एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ही ज्वारी येते जामखेडकडून, कारण आत्याच्या मते भाकरी पापुद्रा धरते ती तिकडच्याच ज्वारीची. आजवर भाड्याचा टेम्पो यायचा. कधी यायचा, कधी नाही यायचा. म्हणून आत्याने स्वतःची इलेक्ट्रिक पिकअप घ्यायचं ठरवलं.

आता ही गाडी दोन बॅटऱ्यांत मिळते. आत्याने त्यांना नावंच ठेवली, थोरली आणि धाकटी. थोरली एका चार्जिंगला अडीचशे किलोमीटर जाते म्हणतात, पण माल बाराच क्विंटल घेते. धाकटी दीडशेच जाते, पण पंधरा क्विंटल उचलते. कारण सोपं आहे. बॅटरीलाही वजन असतं आणि ते मालाच्या वजनातून वजा होतं.

मी थोरलीच्या मागे लागलो. वाटेत बंद पडली तर काय करशील, आत्या, असं रोज म्हणून म्हणून तिला घाबरवलं. खरं कारण वेगळं होतं. मी कॉलेज दोनदा सोडलंय, नोकरी तीनदा. माझं कुणी फारसं ऐकत नाही, आणि अडीचशे किलोमीटर हा आकडा ऐकल्यावर माझ्या डोळ्यांपुढे ज्वारी आलीच नाही, रस्ते आले. पण आत्याने ऐकलं. थोरली बुक केली. शोरूमवाल्याने सांगितलं की सोमवारी संध्याकाळपर्यंत बदलायची तर बदला, त्यानंतर गाडी तुमच्या नावाने निघाली की निघाली. तोवर त्यांची स्वतःची थोरली शुक्रवार-शनिवार चालवून बघा. अट एकच, पासिंगच्या वर एक पोतंही चढवायचं नाही.

पासिंग. या शब्दाने घात केला.

गुरुवारी मी मालनताईंना फोन लावला. आमच्या केंद्रातल्या एका बाईच्या माहेरगावच्या त्या, जामखेडच्या अलीकडे वस्तीवर राहतात. स्वतःची आणि भावकीतल्या दोघांची ज्वारी आत्याला देतात. त्यांनी विचारलं, "गाडी कितीची पासिंग हाय?" आता आमच्याकडे गाडी दिसली की माणूस पहिलं हेच विचारतो. सोळा का सतरा? सोळा म्हणजे नगरचा नंबर, सतरा म्हणजे श्रीरामपूरचा. मी अभिमानाने सांगितलं, सतरा. त्या म्हणाल्या, "लई झालं की." मला वाटलं, अंतराबद्दल म्हणत असतील.

शुक्रवार

सकाळी सहाला निघालो. फुल्ल चार्ज, गाडी रिकामी. श्रीरामपूर ते राहुरी दोन्ही बाजूंना ऊस आणि तोडलेले फड. राहुरीला चहा आणि वडापाव, पस्तीस रुपयांत दोन्ही. वडा गरम होता, पाव कालचा. नगर-मनमाड रस्त्याबद्दल मी काही लिहीत नाही, त्याला वेगळी पोस्टसुद्धा पुरायची नाही. एक मात्र सांगतो, या गाडीला आवाज नाही आणि शेळ्यांना ते माहीत नाही. एका कळपाच्या मागे मी पाच मिनिटं गुपचूप चालत होतो. शेवटी शेळ्या वळणाऱ्या आजींनी मागे बघितलं आणि मला शिव्या दिल्या की असं चोरासारखं काय येतोस.

नगरला साडेआठला पोचलो. सत्तर किलोमीटर झाले आणि स्क्रीन सांगत होता, अजून एकशे अठ्ठ्याहत्तर जाशील. जामखेड तिथून पंच्याहत्तर. शहाण्या माणसाने काय केलं असतं? सरळ जामखेडचा रस्ता धरला असता.

मी राळेगणसिद्धीला गेलो.

सातवीत असताना आमच्या शाळेची सहल तिथे गेली होती, आणि मला नेमका ताप आला होता. परत आल्यावर पोरं महिनाभर बंधारे आणि चर यांबद्दल असं बोलत होती जणू चंद्रावर जाऊन आलीत. ते डोक्यात राहिलं होतं. नगरहून पुणे रस्त्याने चाळीसेक किलोमीटर, जाऊन येऊन ऐंशी. रेंज आहे तर जाऊ, असा हिशोब. गाव आवडलं. डोंगराच्या उतारावर एकाखाली एक आडवे चर खणलेले आहेत, लांबून टेकडीला कंगवा फिरवल्यासारखे दिसतात. मार्च असून एका बंधाऱ्यात पाणी होतं, त्यात म्हशी होत्या. तिथे एक आजोबा दूध घालून परत चालले होते, त्यांना मी पाणी कुठून येतं म्हणून विचारलं. ते म्हणाले, येत नाही, जाऊ देत नाही. आणि सायकल ढकलत निघून गेले. मी तिथे तीन तास काढले, का ते विचारू नका. (बसने जाणाऱ्यांनी पारनेरहून जावं, पण परतीची वेळ आधी विचारून ठेवा.)

परत नगरला आलो तेव्हा दुपारचे अडीच. स्क्रीन सांगत होता, अठ्ठ्याण्णव. जायचे पंच्याहत्तर. मार्चचं ऊन, एसी बंद, काचा खाली, वेग चाळीस. नगर ते जामखेड रस्त्याची गंमत अशी की जिल्हा तोच, पण मधे बीड लागतं. कडा आलं, आष्टी आली, आपण परजिल्ह्यात आहोत आणि बॅटरी सव्वीस टक्के. मग एकवीस. मला मागून बैलगाडीने ओव्हरटेक केलं नाही एवढंच. वस्तीवर पोचलो तेव्हा नऊ टक्के होते आणि माझा शर्ट पिळून काढण्याजोगा झाला होता.

ओट्यावर पोती रचलेली. तोंडं शिवलेली, एकावर एक, भिंतीसारखी. मालनताई पदराने हात पुसत बाहेर आल्या. चाळिशीच्या, भरभर बोलणाऱ्या. ओट्याच्या कडेला त्यांचे सासरे बसलेले, त्यांना सगळे तात्या म्हणतात.

"चौतीस हायेत," मालनताई म्हणाल्या. "मोजून घ्या."

"चौतीस? ताई, गाडी चोवीस पोत्यांची आहे. बारा क्विंटल."

"तुमीच म्हनलात ना, सतरा पासिंग."

मी गाडीच्या पाटीकडे बोट दाखवलं. एमएच सतरा. मालनताईंनी पाटी वाचली, मग माझ्याकडे बघितलं, मग परत पाटीकडे.

"मी गाडीचं गाव कशाला इचारू, दादा? मला काय तिच्याशी सोयरीक करायचीय?"

त्या पासिंग म्हणजे किती माल घेते ते विचारत होत्या. सगळे मालवाले तसंच विचारतात, हे मला मागाहून कळलं. भावकीतल्या दोघांना बोलावून, दोन दिवस खपून त्यांनी सतरा क्विंटल ज्वारी उफणून, वजन करून, शिवून ठेवली होती. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तात्या मात्र उठले. काठी टेकत गाडीला एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं, काठीने हौद्याखाली टकटक केलं.

"पावनं, ह्या खाली काय हाय?"

मी सांगितलं, बॅटरी. त्यांनी वजन विचारलं. नक्की माहीत नाही म्हटलं, पण धाकटीपेक्षा तीन क्विंटल माल कमी बसतो हिच्यामुळे.

"म्हंजी सहा पोती."

"हो."

"मंग सहा पोती तू शिरामपूरवरूनच भरून आनली की. अन् ती उतरायची बी न्हाईत. रिकामा हिंडला तरी ती हायेतच तुझ्या संगं." एवढं बोलून ते परत ओट्यावर जाऊन बसले, जणू पावसाबद्दल काहीतरी सांगून झालं.

मी चार महिने त्या दोन गाड्यांची माहितीपत्रकं वाचत होतो. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणजे लिहिलेलं होतं, पण असं नव्हतं.

गाडी शेजारच्या पिठाच्या गिरणीत लावली, कारण सोळा अँपिअरचं सॉकेट तेवढं तिथेच. जेवायला हुलग्याचे शेंगोळे होते, लसणाचा ठसका असा की कान मोकळे झाले. त्यातच भाकरी कुस्करून खायची. जेवताना मालनताईंनी विचारलं की श्रीरामपूर लई लांब हाय का. त्यांचा नवरा टोळीबरोबर ऊसतोडीला तिकडेच गेलाय, दिवाळीपासून. यंदा त्या गेल्या नाहीत, ज्वारीकडे बघायला राहिल्या. फड संपला की इथून ट्रक जाईल माणसं आणायला, असं काहीतरी त्या म्हणाल्या. मी शेंगोळ्यांत होतो, नीट ऐकलं नाही.

शनिवार

सकाळी बॅटरी सत्तावन्न टक्के. मधे लाईट गेली होती, पण नसती गेली तरी थोरली एका रात्रीत भरली नसती. तिचं पोट मोठं. धाकटी तेवढ्याच विजेवर काठोकाठ झाली असती. हेही मला त्या क्षणी सुचलं आणि मी ते लगेच डोक्यातून ढकलून दिलं.

भावकीतले दोघं पोती चढवायला आले. चोवीस झाल्यावर थांबा म्हटलं तर ते म्हणाले, अजून चार टाका, गाडीला काय कळतंय. मनात आलं, टाकावीत. चोवीसचे अठ्ठावीस केले तर आत्यासमोर तोंड तरी दाखवता येईल. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे अजून ताठ दिसत होते, विचारणारं कुणी नव्हतं. एक पोतं हौद्याच्या फळीवर टेकलंसुद्धा. मग आत्याने शोरूममध्ये केलेली सही आठवली. माझ्या भरवशावर केलेली. मी पोतं परत खाली उतरवायला सांगितलं. मालनताईंनी उरलेल्या दहा पोत्यांवर ताडपत्री ओढली आणि म्हणाल्या की जाऊ द्या, कुठं पळून जात न्हाईत ती.

भरलेली गाडी वेगळीच चालते. चढाला टक्के असे उतरतात की बघवत नाही. नगरला बायपासच्या एका हॉटेलात चार्जर आहे, तिथे शिरलो तेव्हा चौदा टक्के. चार्जिंगला तासभर आणि वर दहा मिनिटं, तीनशे चाळीस रुपये. मिसळ ऐंशी, चांगली आहे, पण तर्री वेगळी मागून घ्या.

माझ्यानंतर पंधरा मिनिटांनी एक दुधाची पिकअप आली. तीच गाडी, धाकटी. ड्रायव्हर पारनेरकडचे, टक्कल आणि मिशा. त्यांनी वायर लावली, मिसळ मागवली, माझ्या हौद्यात डोकावून बघितलं आणि विचारलं, चोवीसच? मला ते "च" लागलं. मी सांगितलं की ही डेमोची आहे, आम्ही हीच घेतोय, मोठी बॅटरी म्हणजे मधे थांबावं लागत नाही.

त्यांनी पाव मोडला, माझ्या गाडीला लावलेल्या वायरीकडे बघितलं.

"मग आत्ता काय करतोयस?"

मिसळ संपवून, तोंडावर पाणी मारून ते माझ्या आधी निघूनही गेले. मी उरलेली वीस मिनिटं एका खाटेवर पडून काढली आणि खरं सांगू, पाठ इतकी छान मोकळी झाली. तो तास गाडीला हवा होता असं मी समजत होतो. मलाच हवा होता. सव्वाशे-दीडशे किलोमीटर या रस्त्यावर चालवून, न थांबता, न खाता कोण जातं?

दुपारी केंद्रावर पोचलो. बायांनी पोती उतरवली, आत्या दारात उभी राहून मोजत होती. चोवीस झाल्यावर ती हौद्यात वाकून बघू लागली, जणू कोपऱ्यात अजून एखादं लपलं असेल.

"चोवीस," ती म्हणाली. "म्हणजे चोवीस दिवस. आणि उरलेले सहा दिवस बायांनी काय करायचं, सायमन? थोरलीच्या रेंजचं पीठ मळायचं?"

मी सगळं सांगून टाकलं. राळेगण, नऊ टक्के, खाट, तात्यांची सहा पोती आणि शेवटी सतरा पासिंग. सोयरीक ऐकल्यावर आत्या खुर्चीत बसली आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागली. आधी मला वाटलं रडतेय. हसत होती. अकराच्या अकरा बाया हसत होत्या. एकीच्या हातून तव्यावरची भाकर करपली.

हसून झाल्यावर ती म्हणाली, "तुला पाचशेची रेंज दिली तरी तू ती भटकण्यात संपवशील. वाटेत थांबायचंच आहे ना? मग पंधरा घेऊन थांब." आणि खुर्चीतून उठता उठता, "चार पोती जास्त घेतली नाहीस, ते बरं केलंस."

रविवारी ती चर्चमधल्या मिस्साहून आली तीच ठरवून आली होती. सोमवारी आम्ही दुपारी तीनला शोरूममध्ये. काउंटरवरच्या मुलीने यादी बघितली आणि तिचा चेहरा पडला. मुदत संध्याकाळची असली तरी थोरली आज सकाळीच यार्डातून निघणार होती, तुमच्या नावाने. तिने फोन लावला. लागेना. परत लावला. आत्या शांतपणे पर्सचा पट्टा पिरगाळत होती आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून प्रार्थना करत होतो की एखादी गाडी कुठेही गेलेली नसू दे. अखेर पलीकडून कुणीतरी उचलला. सकाळचा ड्रायव्हर आलाच नाही, गाडी तिथेच उभी आहे. मुलीने नाव खोडलं, धाकटी लिहिली. तो ड्रायव्हर कुठे असेल तिथे सुखात राहो. बाहेर येऊन आम्ही दोघांनी उसाचा रस प्यायला, आत्याने ईस्टरआधीच्या उपवासकाळातसुद्धा दुसरा ग्लास घेतला.

तर मित्रांनो, थोरली वाईट नाही. हलका माल लांब न्यायचा असेल, फुलं, रोपांचे ट्रे, पाव-खारी, तर तीच घ्या. पण पोतं वाहायचं असेल तर आधी मोजा की तुम्ही रोज किती लांब जाता. किती लांब जावंसं वाटतं ते मोजू नका. माझी गफलत तिथेच झाली. अंतर मला हवं होतं आणि वजन आत्याला उचलायचं होतं. माझ्यासाठी सायकल आहे. दुरुस्त झालीये.

प्रवासातून काय राहिलं म्हणाल तर ते टेकडीवरचे चर, शेंगोळ्यांचा ठसका आणि तात्यांची काठी, टकटक. अजूनही कुठलीही गाडी दिसली की मी आधी खाली वाकून बघतो.

आता आजचं सांगतो, कारण पोस्ट आजच का लिहितोय ते त्यात आहे. आज सकाळी चोविसावं, म्हणजे शेवटचं पोतं उघडलं, उद्यापुरतं दळून ठेवायला. धाकटी आज यायची आहे. ती आली की रात्रभर चार्जिंग, उद्या पहाटे जामखेड. नाही आली तर परवा तवे थंड. सकाळपासून आत्याने चार वेळा शोरूमला फोन केला, चारही वेळा "निघतेय" असं उत्तर. केंद्रातून नुसता भाकरी थापल्याचा आवाज येतोय. मी बाहेरच्या बाकावर बसून हे टाइप करतोय, गल्लीच्या तोंडाकडे एक डोळा ठेवून.

हॉर्न वाजला. आत्या आतून धावत आली, हातात हार.

पिकअप नाही. ट्रक आहे, जुना, गल्लीत जेमतेम मावलेला. पाटी वाचली, सोळा पासिंग. हौदा रिकामा, फक्त केबिनच्या मागे ताडपत्री बांधलेलं काहीतरी. क्लीनरच्या बाजूचं दार उघडलं आणि कुणीतरी पदर खोचून खाली उतरलं. आत्या पुढे गेली, दोन शब्द बोलली, आणि हातातला हार तसाच घेऊन माझ्याकडे वळली.

"सायमन, तो फोन ठेव आणि पोती उतरवायला ये. मालन आलीय."

"मालनताई? इथे?"

"तुझी सतरावाली. टोळीला न्यायला ट्रक रिकामाच येत होता म्हणे. दहाच्या दहा घेऊन आलीय."